दुखणे एक, वैद्य हजार

शिकागो हे नाव आपल्या घरांत प्रथम पोहोचले ते १८९३ सालच्या सर्वधर्मपरिषदेतील स्वामी विवेकानंदांच्या व्याख्यानामुळे. पुढे आपल्याच मुलाबाळांनी त्या शहरी बिऱ्हाडे थाटली, तेथे महाराष्ट्र मंडळ उभे राहिले, गणेशोत्सव होऊ लागले, आणि इंदूरच्या कित्येक घरांचा त्या शहराशी नित्याचा राबता सुरू झाला. या राबत्यातून नोकरी, थंडी आणि नातवंडे यांच्या वार्ता येतातच. पण अलीकडे आमच्या कानी एक निराळीच वार्ता येऊ लागली आहे. ती आहे तेथील एका बेसबॉल-संघाच्या दुर्दशेची, आणि त्याहूनही अधिक, त्या दुर्दशेवर उपाय सुचविणाऱ्या माणसांची.

संघाचे नाव ‘व्हाइट सॉक्स’, म्हणजे शब्दशः पांढरे मोजे. वाचकांनी हसू नये. बॉस्टनचा संघ तांबडे मोजे म्हणवितो आणि त्यास कोणी हसत नाही. या पांढऱ्या मोज्यांनी २०२४ च्या हंगामात १६२ सामन्यांपैकी १२१ गमावले. १९०० नंतरच्या काळात एवढे पराभव कोणत्याही संघाच्या वाट्यास आले नव्हते. त्यापूर्वीचा नीचांक न्यूयॉर्कच्या मेट्स संघाचा, १९६२ सालचा, १२० पराभवांचा. परंतु मेट्सचा तो पहिलाच हंगाम होता, आणि नवजात बालकास चालता येत नाही म्हणून कोणी रागावत नाही. पांढरे मोजे तर विसाव्या शतकाइतके जुने!

बेसबॉल हा आपल्या क्रिकेटचा दूरचा भाऊबंद. चेंडू आहे, दांडू आहे, धावा आहेत. पण सामना तीनएक तासांत आटोपतो, आणि सहा महिने जवळजवळ रोज एक सामना होतो. या शेवटच्या गोष्टीचे महत्त्व ध्यानी घेतले पाहिजे. आपला संघ कसोटी हरला तर आपण चार दिवस हळहळतो आणि मग विसरतो. तेथे पराभव दुधाच्या रतिबासारखा दाराशी येतो. त्यामुळे चर्चाही रोजची, राग रोजचा, आणि उद्या तरी काही बरे घडेल ही आशाही रोजची.

शहराचेही दोन भाग आहेत. उत्तरेस ‘कब्स’ नावाचा संघ. दक्षिणेस पांढरे मोजे. आगगाडीच्या एकाच तांबड्या मार्गावर दोन्ही मैदानांची स्थानके आहेत, तरी मनाने ती दोन गावे आहेत. दक्षिण भाग हा एके काळी कत्तलखान्यांत व पोलादाच्या कारखान्यांत राबणाऱ्यांचा. कब्स १९०८ ते २०१६ अशी १०८ वर्षे अजिंक्यपदावाचून राहिले, तर त्यांचे ते अपयशही जगाने लाडाने गोंजारले. दक्षिणेकडील संघ १९१७ नंतर थेट २००५ साली, म्हणजे ८८ वर्षांनी अजिंक्य झाला. पण त्याच्या उपवासाचे कौतुक कोणी केले नाही. ही सल त्या लोकांच्या बोलण्यात अजून जाणवते.

मालकावरील अविश्वास तर त्यांच्या रक्तातच आहे. १९१९ ची अंतिम मालिका जुगाऱ्यांशी संगनमत करून हरल्याचा आरोप या संघातील आठ खेळाडूंवर आला. न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले, तथापि १९२१ मध्ये बेसबॉलच्या आयुक्तांनी आठही जणांना जन्मभरासाठी बाद केले. संस्थापक मालक चार्ल्स कोमिस्की हा कवडीचुंबक होता, त्याने खेळाडूंना उपाशी ठेवले, म्हणून ते घसरले, अशी कथा तेथे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. अलीकडील संशोधकांनी पगाराच्या नोंदी तपासल्या, तेव्हा तो संघ त्या काळी बऱ्यापैकी पगार घेणाऱ्यांपैकीच होता असे आढळले. पण लोकमानसात एकदा रुजलेली कथा नोंदवह्यांनी उपटली जात नाही, हा अनुभव इतिहासाच्या शिक्षकांस नवा नाही.

आता २०२४ कडे वळू. हंगामाच्या आरंभी २५ सामन्यांत केवळ तीन विजय. पुढे जुलै-ऑगस्टमध्ये ओळीने एकवीस पराभव. ही मालिका एकदाची थांबली ती ६ ऑगस्टला, ओकलंड येथे. दोनच दिवसांनी व्यवस्थापक पेड्रो ग्रिफोल यांना निरोप देण्यात आला. (बेसबॉलमध्ये व्यवस्थापक म्हणजे मैदानावरील सूत्रधार, आपल्या प्रशिक्षकासारखा, खेळाडूंची खरेदी-विक्री करणारा महाव्यवस्थापक निराळा.) सप्टेंबरच्या अखेरीस १२० पराभव झाले असताना घरच्या मैदानावरील शेवटचे तीन सामने आले. विक्रमी पराभव डोळ्यांदेखत पाहावा, म्हणून लोक मुद्दाम तिकिटे काढून आले. आणि मोज्यांनी तिन्ही सामने जिंकले! प्रेक्षक त्या वेळी ‘संघ विकून टाका’ अशा घोषणा देत होते. नीचांकाचा तो पराभव अखेर २७ सप्टेंबरला डेट्रॉइट येथे झाला.

एखाद्या शाळेचा शालान्त परीक्षेचा निकाल घसरला की पालकसभेत जे घडते, तेच येथे मोठ्या प्रमाणावर घडले. कोणी म्हणतो मुख्याध्यापक बदला, कोणी म्हणतो इमारत बदला, कोणी म्हणतो हुशार मुले बाहेरून आणा. आणि मागच्या बाकावरील एक आजोबा म्हणतात की आमच्या वेळी असे नव्हते. शिकागोत हे सारे रेडिओवर दूरध्वनी करून, आगगाडीत, पानगृहात आणि जेवणाच्या टेबलाशी चालते. पण या माणसांस केवळ गळा काढणारे समजू नये. त्यांचे ज्ञान पाहून थक्क व्हावे. जून २०२२ मधील एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. त्या वेळी व्यवस्थापक होते टोनी लारूसा, वय ७७, बेसबॉलच्या कीर्तिमंदिरात नाव कोरलेले. समोरच्या फलंदाजावर दोन ‘स्ट्राइक’ चढले होते. तिसरी चढताच तो बाद. अशा क्षणी लारूसांनी त्याला मुद्दाम, न खेळविता, पहिल्या तळावर फुकट जाऊ देण्याची आज्ञा केली. प्रेक्षकांतून एकजण ओरडला की अहो, त्याच्यावर दोन चढल्या आहेत! हा आवाज प्रक्षेपणातही उमटला. पुढच्याच फलंदाजाने चेंडू थेट मैदानाबाहेर धाडला आणि तीन धावा वसूल केल्या. सामन्यानंतर लारूसांनी आपला निर्णय ठामपणे उचलून धरला, हे वेगळे सांगावयास नको.

या लारूसांची नेमणूक हीच चाहत्यांच्या दृष्टीने रोगाची खूण होती. मालक जेरी राइन्सडॉर्फ यांनी सहकाऱ्यांसमवेत १९८१ मध्ये हा संघ सुमारे दोन कोटी डॉलरना घेतला. १९८६ साली लारूसांना काढून टाकले गेले, याची रुखरुख त्यांच्या मनास इतकी वर्षे लागून राहिली, आणि २०२० मध्ये, संघ ऐन भरात येत असताना, त्यांनी जुन्या मित्रास परत बोलाविले. मित्रप्रेम हा सद्गुण खरा. परंतु संघाच्या चाव्या सद्गुणावर सोपवाव्यात का, असा लोकांचा प्रश्न होता. ऑगस्ट २०२३ मध्ये केन विल्यम्स व रिक हान या दोघा कारभाऱ्यांना काढल्यावर तरी बाहेरचा ताज्या दमाचा माणूस येईल अशी आशा होती. पण काही दिवसांतच घरातलेच ख्रिस गेट्झ महाव्यवस्थापक झाले. शोध कसला तो झालाच नाही. ‘घरचा जावई’ ही म्हण शिकागोत नसावी. भावना मात्र तीच होती.

उपायांकडे येण्यापूर्वी एक गोष्ट सांगणे भाग आहे, नाही तर हा वाद पोकळ वाटेल. इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये तळास गेलेला संघ खालच्या वर्गात ढकलला जातो. अमेरिकन बेसबॉलमध्ये तशी शिक्षा नाही. तीस संघ तीसच राहतात, राष्ट्रीय दूरचित्रवाणीचे उत्पन्न सर्वांस सारखे मिळते, आणि हरूनही संघाचे मोल वाढतच जाते. दोन कोटींना घेतलेल्या या संघाचे मोल आज दोन अब्ज डॉलरच्या घरात सांगतात. उलट, हरण्यास बक्षीस होते. नव्या, हौशी खेळाडूंच्या वार्षिक निवडीत सर्वांत दुबळ्या संघास पहिली निवड मिळे. असा कोवळा खेळाडू सुमारे सहा वर्षे संघाच्या ताब्यात राहतो, आणि पहिली तीन वर्षे बहुधा किमान पगारावर. हा किमान पगार २०२४ मध्ये सात लक्ष चाळीस हजार डॉलर होता. आपल्याला तो डोळे फिरविणारा वाटेल. पण मुक्त झालेल्या नामवंतांचे आकडे ऐकले की कळते. हुआन सोतो या खेळाडूस न्यूयॉर्कच्या मेट्सनी डिसेंबर २०२४ मध्ये पंधरा वर्षांसाठी साडेशहात्तर कोटी डॉलर कबूल केले.

म्हणून ‘मोडा आणि नव्याने बांधा’ या मार्गाचे प्रवक्ते पुष्कळ आहेत. नामवंत विकावेत, कोवळी रोपे घ्यावीत, चार वर्षे मुकाट हरावे, मग पीक कापावे. उत्तरेकडील कब्सनी असेच केले. २०१२ साली १०१ सामने हरले आणि २०१६ मध्ये अजिंक्य झाले. ह्यूस्टननेही लागोपाठ तीन वर्षे शंभराहून अधिक सामने गमावून २०१७ चे पद मिळविले, जरी त्या पदास पुढे प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा चोरल्याचा डाग लागला. प्रतिपक्ष लगेच पिट्सबर्गचे नाव घेतो. तो संघ १९९३ पासून २०१२ पर्यंत सलग वीस हंगाम निम्म्याहून अधिक सामने हरला, आणि पीक कापावयाचे राहूनच गेले.

आणि मोज्यांनी हा मार्ग पूर्वी चोखाळला नव्हता काय? डिसेंबर २०१६ मध्ये त्यांनी आपला सर्वोत्तम डावखुरा गोलंदाज ख्रिस सेल बॉस्टनला देऊन तरुण खेळाडू घेतले. पुढच्या उन्हाळ्यात दुसरा डावखुरा, होसे किंताना, चक्क कब्सना दिला. ती रोपे वाढली खरी. २०२० व २०२१ अशी लागोपाठ दोन वर्षे संघ उत्तरफेरीत गेला, जे त्याच्या इतिहासात कधी घडले नव्हते. दोन्ही वेळा पहिल्याच मालिकेत तो गारद झाला. २०२२ मध्ये ८१ विजय व ८१ पराभव. २०२३ मध्ये १०१ पराभव. आणि मग ते १२१. डिसेंबर २०२४ मध्ये, बरोबर आठ वर्षांनी, त्याच बॉस्टनला दुसरा डावखुरा गोलंदाज गॅरेट क्रोशे देण्यात आला, चार तरुणांच्या बदल्यात. सेलने बॉस्टनबरोबर २०१८ चे अजिंक्यपद पाहिले होते. क्रोशे तेथे जाताच २०२५ मध्ये आपल्या लीगमध्ये सर्वाधिक फलंदाज ‘स्ट्राइक’वर बाद करणारा ठरला. दक्षिण शिकागोतील माणसाने ही बातमी वाचून काय म्हणावे? एकच शेत दोनदा नांगरले, आणि दोन्ही वेळा धान्य बॉस्टनच्या कोठारात!

दुसरा पक्ष म्हणतो की पैसा काढा. शिकागो हे अमेरिकेतील तिसरे मोठे शहर. आणि या संघाने डिसेंबर २०२२ मध्ये एका खेळाडूस दिलेला, त्याच्या इतिहासातील सर्वांत मोठा करार होता साडेसात कोटींचा. सोतोच्या दहावा हिस्सादेखील नाही. तो करार ज्याच्याशी झाला, त्या अँड्र्यू बेनिन्टेंडीच्या खेळाने कोणी भारावून गेले नाही, त्यामुळे ‘पाहा, पैसा टाकून काय मिळाले’ असेही म्हणावयास वाव राहिला. आमच्या मते हा युक्तिवाद लंगडा आहे. एकदाच आणि बेताचा खर्च करून, तो फुकट गेला म्हणून खर्च हीच चूक ठरत नाही.

तिसरा पक्ष शास्त्रवाद्यांचा. गोलंदाजाच्या बोटांची पकड, चेंडूचे फिरणे, मनगटाचा कोन हे सारे आता यंत्रांनी मोजले जाते, आणि या विद्येत मोजे मागे पडले अशी तक्रार होती. गेट्झ यांनी या विद्येतील जाणती माणसे नेमली, याचे श्रेय त्यांचे टीकाकारही देतात.

परंतु या सर्व पक्षांच्या मुळाशी एकच मागणी राहते: मालकाने संघ विकावा. आणि तेथूनच खरा पेच सुरू होतो. चाहत्याच्या हाती शस्त्र एकच, तिकीट न काढण्याचे. ते उगारावे की नाही? ओकलंडच्या लोकांनी हे शस्त्र दोन्ही बाजूंनी चालवून पाहिले. संघाचा कारभार विटल्यावर ते येईनासे झाले, तर मालक म्हणू लागला की येथे प्रेक्षकच नाहीत. मग १३ जून २०२३ रोजी त्यांनी उलटा बहिष्कार केला. २७,७५९ माणसे, बहुतेक हिरव्या सदऱ्यांवर ‘विका’ एवढेच छापून, मैदानावर आली. दुसऱ्याच दिवशी नेव्हाडा राज्याच्या विधिमंडळाने लास व्हेगास येथील नव्या मैदानासाठी ३८ कोटी डॉलरची तरतूद मंजूर केली. २६ सप्टेंबर २०२४ ला ओकलंडमधील शेवटचा सामना झाला. त्या दिवशी मैदान तुडुंब भरले होते.

शिकागोकरांस ही भीती ऐकीव नाही. १९८८ साली राइन्सडॉर्फ संघ फ्लॉरिडात नेण्याच्या बेतात होते. ३० जूनच्या रात्री इलिनॉय राज्याच्या विधिमंडळात नव्या मैदानाचे विधेयक आले, आणि मध्यरात्रीची मुदत उलटू नये म्हणून सभागृहातील घड्याळच थांबविले गेले, असे सांगतात. विधेयक मंजूर झाले. सरकारी पैशाने मैदान उभे राहून १९९१ मध्ये खुले झाले. त्याचा भाडेकरार २०२९ ला संपतो. २०२४ मध्ये मालक पुन्हा राज्याच्या राजधानीत गेले, नदीकाठच्या जागेवर नवे मैदान हवे म्हणून. मागणी सुमारे एक अब्ज डॉलरची असल्याचे तेथील वृत्तपत्रांनी दिले. इकडे आड, तिकडे विहीर: मैदानावर जावे तर मालकाची पेटी भरते, न जावे तर मालकाला गाव सोडण्याची सबब मिळते. ज्यांच्या आजोबांनी वडिलांचे बोट धरून त्यांना त्या मैदानावर नेले, त्या माणसांच्या घरांत यावरून अबोला धरला गेला तर आश्चर्य वाटू नये.

आम्हां माळव्यातील मंडळींस यातील अर्धा भाग ओळखीचा आहे. होळकर संघाने कर्नल सी. के. नायडू यांच्या काळात चार वेळा रणजी करंडक जिंकला, शेवटचा १९५२-५३ मध्ये. त्यानंतर मध्य प्रदेशचा संघ म्हणून आपण किती दशके हरलो! निवडसमिती बदला, खेळपट्ट्या बदला, बाहेरचे खेळाडू आणा, हे उपाय इंदुरातील प्रत्येक ओट्यावर आम्ही ऐकले आहेत. १९९८-९९ च्या अंतिम सामन्यात बंगळूर येथे चंद्रकांत पंडित यांच्या नेतृत्वाखाली आपण कर्नाटकाकडून हरलो, आणि जून २०२२ मध्ये त्याच मैदानावर, तेच पंडित प्रशिक्षक असता, मुंबईस सहा गडी राखून हरविले. त्या सबंध काळात एक चिंता मात्र आपल्याला कधी शिवली नाही, ती म्हणजे कोणी एक गृहस्थ उद्या संघ विकील किंवा गाड्यांत भरून परमुलखी नेईल, ही. शिकागोच्या माणसाचे अर्धे दुःख हेच आहे. ज्याला तो आयुष्यभर ‘आपला’ म्हणतो, तो कायद्याने दुसऱ्याचा आहे. अमेरिकन फुटबॉलमध्ये ग्रीन बे या लहानशा गावाचा संघ १९२३ पासून गावकऱ्यांच्या भागभांडवलावर चालतो. हे उदाहरण चाहते वारंवार देतात, परंतु बेसबॉलच्या मालकमंडळात तसा एकही संघ नाही.

२०२५ चा हंगाम थोडा बरा गेला. विल व्हेनेबल नवे व्यवस्थापक झाले, क्रोशेच्या बदल्यात आलेल्या तरुणांपैकी काहींनी चमक दाखविली, आणि विजय ४१ वरून ६० वर गेले. पराभव १०२, म्हणजे सलग तिसऱ्या वर्षी शंभरी पार. त्याच वर्षी मे महिन्यात शिकागोत जन्मलेले रॉबर्ट प्रिव्होस्ट हे लिओ चौदावे या नावाने पोप झाले, आणि ते पांढऱ्या मोज्यांचे जुने चाहते असल्याचे त्यांच्या भावाने जाहीर केले. २००५ च्या अंतिम मालिकेतील पहिल्या सामन्याच्या जुन्या चित्रफितीत ते प्रेक्षकांत बसलेले सापडले. तेव्हा औषधोपचारांच्या यादीत प्रार्थनेचीही भर पडली, असा विनोद तेथे घरोघर झाला.

मालकीविषयीही काही हालचाल झाली आहे. जून २०२५ मध्ये राइन्सडॉर्फ व धनिक जस्टिन इश्बिया यांच्यात करार झाला. त्यानुसार २०२९ ते २०३३ या काळात राइन्सडॉर्फ यांना संघाची सूत्रे इश्बिया यांच्याकडे देण्याची मुभा आहे, आणि २०३४ च्या हंगामानंतर ती मागण्याचा हक्क इश्बिया यांना आहे. राइन्सडॉर्फ यांचा जन्म १९३६ चा. चाहत्यांतील गणितज्ञांनी वजाबाकी केव्हाच करून ठेवली आहे.

राहता राहिली नव्या खेळाडूंची निवड. मुद्दाम हरण्यास आळा बसावा म्हणून २०२२ च्या करारान्वये पहिल्या सहा निवडींसाठी चिठ्ठ्या टाकण्याची पद्धत आली, आणि मोठ्या उत्पन्नाच्या संघांस ती लागोपाठ दोन वर्षे मिळू नये असा नियम झाला. परिणामी १२१ सामने हरूनही २०२५ मध्ये मोज्यांच्या वाट्यास दहावी निवड आली. म्हणजे हरण्याचे बक्षीसदेखील हातचे गेले. डिसेंबर २०२५ मध्ये मात्र चिठ्ठी त्यांच्या नावाची निघाली आणि २०२६ ची पहिली निवड त्यांना मिळाली. ती बातमी रात्री आली. दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिओवर वाद सुरू झाला होता, महाविद्यालयातील तयार खेळाडू घ्यावा की शाळेतील कोवळा पोर.